सर्व्हे नंबर शून्य

दसाड्याच्या पुढे जिऱ्याचं शेवटचं शेत लागतं आणि डांबरी रस्ता तिथंच संपतो. शेताभोवती काट्यांचं कुंपण, कोपऱ्यात राखणदाराचा माचा. त्यापलीकडे झाड नाही, दगड नाही, विजेचा खांबही नाही. वाळून भेगाळलेली करड्या गाळाची जमीन थेट क्षितिजापर्यंत गेलेली, आणि क्षितिजावर पाण्याची लखलखती रेघ. ती रेघ मृगजळाची असते. जीप तिच्या रोखानं कितीही धावली तरी ती होती तेवढ्याच अंतरावर राहते.

हे कच्छचं छोटं रण. गुजरातमधलं रण म्हटलं की बहुतेकांना धोर्डोचा रणोत्सव आणि चांदण्यात उजळलेलं पांढरं मीठ आठवतं. ते मोठं रण, पाकिस्तानच्या सीमेला लागून असलेलं. छोटं रण त्याच्या आग्नेयेला, कच्छ, मोरबी, सुरेंद्रनगर, पाटण आणि बनासकांठा या जिल्ह्यांच्या मधोमध पसरलेलं आहे. क्षेत्रफळ सुमारे 5,000 चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई त्यात आठ वेळा मावेल. एवढ्या मोठ्या प्रदेशाची स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं महसुली मोजणीच झाली नाही. दफ्तरात त्याची ओळख एवढीच: 'सर्व्हे नंबर शून्य'. इथं पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर नाही, कारण सातबाराच नाही.

या शून्य नंबरच्या जमिनीवर पावसाळ्यात कोळंबी धरतात. पाणी ओसरलं की तिथंच मीठ पिकतं. मध्य आशियातून आणि सैबेरियातून आलेले पक्षी तिथं थंडी काढतात. आणि एकेकाळी सिंध-बलुचिस्तानपासून राजस्थानपर्यंत हिंडणारा एक प्राणी आज फक्त तिथं आणि तिच्या आसपास तगून आहे. एकच जमीन, पण ऋतू पालटला की तिचे धनी पालटतात. छोटं रण पाहायला जायचं ते यासाठी.

राजस्थानचं वाळवंट डोळ्यांपुढे ठेवून इथं आलेला माणूस पहिल्या दिवशी चक्रावतो. वाळूच्या टेकड्या नाहीत, उंटांचे तांडे नाहीत. पायाखाली समुद्राचा तळ आहे. कच्छचं आखात कधीकाळी इथवर होतं. इसवीसनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रंथात 'इरिनॉन' नावाच्या उथळ, धोकादायक आखाताचं वर्णन येतं, आणि ते आखात म्हणजेच रण असं अभ्यासक मानतात. नद्या गाळ आणून ओतत राहिल्या, भूकंपांनी जमीन उचलली आणि आखात बुजत गेलं. भूकंपांचं काम अजून संपलेलं नाही. 16 जून 1819 रोजी झालेल्या भूकंपात मोठ्या रणात मैलोन्‌मैल लांबीचा एक उंचवटा वर आला. लोकांनी त्याला 'अल्लाह बंध' असं नाव दिलं. त्याच भूकंपात सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला. 26 जानेवारी 2001 रोजी भुजचा भूकंप झाला, तेव्हाही रणात ठिकठिकाणी जमीन फोडून वाळू आणि खारं पाणी उसळून वर आलं होतं.

बनास, रूपेण आणि सरस्वती या नद्या समुद्राला मिळतच नाहीत. त्या रणात येतात आणि रणातच जिरतात. गुजरातीत त्यांना 'कुमारिका' म्हणतात. पावसाळ्यात त्यांचं गोडं पाणी पूर्वेकडून येतं, सौराष्ट्रातल्या नद्यांचं दक्षिणेकडून, आणि सुरजबारीच्या खाडीतून भरतीचं खारं पाणी पश्चिमेकडून आत शिरतं. रणाची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. तीही इतकी सपाट की पाण्याला वाहून जायला उतारच मिळत नाही. चार महिने रणाचं उथळ सरोवर होतं. त्यातून सत्तरेक उंचवटे तेवढे डोकं वर काढून राहतात. त्यांना इथं 'बेट' म्हणतात, आणि उन्हाळ्यात चहूकडे कोरडं ठणठणीत असतानाही बेटच म्हणतात.

दसऱ्या-दिवाळीनंतर पाणी आटू लागतं. गाळ वाळतो, आक्रसतो आणि त्याला पाच-सहा कोनांच्या भेगा पडतात. खाली वाकून पाहिलं तर प्रत्येक तुकड्याच्या कडा किंचित वर वळलेल्या दिसतात आणि भेगेच्या आतल्या बाजूला मिठाचा पापुद्रा धरलेला असतो. वरचा थर खडखडीत वाजतो, पण काठीनं टोकरत हातभर खाली गेलं की काळा, ओला, बोटांना चिकटणारा चिखल लागतो. म्हणून इथला जीपवाला अनोळखी जमिनीवर गाडी घालत नाही. जमिनीचा रंग जरा गडद दिसला तरी तो वळसा घेतो. मोसमाच्या सुरुवातीला असा वळसा न घेणारी गाडी आसापर्यंत रुतते, आणि मग ती काढायला गावातून ट्रॅक्टर आणावा लागतो.

मृगजळातून पहिल्यांदा घुडखर दिसतो तेव्हा त्याला पाय नसतात. तापलेल्या हवेत खालचा भाग वितळून गेलेला असतो आणि नुसती धडं तरंगत असतात. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ धीर धरला की धडांना पाय फुटतात, कान दिसू लागतात.

घुडखर म्हणजे भारतीय रानगाढव. 'गाढव' या शब्दानं मनात जे चित्र उभं राहतं त्याच्याशी या जनावराचा काही संबंध नाही. खांद्याशी उंची सुमारे चार फूट, वजन दोनशे किलोच्या पुढे, अंग भरीव आणि घोड्यासारखं बांधेसूद. पाठीचा आणि मानेचा रंग फिक्या विटकरीपासून वाळूपर्यंत कुठलाही असतो. पोट, छाती आणि पायांच्या आतली बाजू पांढरी. मानेवर ताठ उभी, आखूड, गडद आयाळ. ती जिथं संपते तिथून पाठीच्या कण्यावरून एक गडद तपकिरी पट्टा थेट शेपटीपर्यंत जातो आणि त्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार असते. आमच्यासमोर कळपातली एक मादी जमिनीवर लोळायला लागली. चारी पाय हवेत, अंग घुसळून धुळीचा लोट उठवत होती. उठली, अंग झटकलं, आणि तिच्या पोटाला लागून उभं असलेलं लोकरीसारख्या केसांचं शिंगरू त्याच धुळीत जाऊन तिच्यासारखंच लोळायचा प्रयत्न करू लागलं.

माद्या आणि शिंगरं कळपानं राहतात. वयात आलेला नर बहुधा एकटा असतो. त्याचा स्वतःचा इलाखा असतो आणि तो त्यावर पहारा करतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकलेल्या लिदीचे ढीग ही त्याची हद्दीची खूण. दुसरा नर आत आला तर मागच्या पायांवर उभं राहून, मानेला चावे घेत, लाथा झाडत झुंज होते. मोठ्या नरांच्या अंगावर जुन्या जखमांचे वण सहज दिसतात. मादी अकरा महिने गाभण असते आणि शिंगरं पावसाळ्यात, बेटांवर कोवळं गवत असतं तेव्हा जन्मतात. धावायला लागला की घुडखर ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत वेग गाठतो.

हा प्राणी आपल्या हातून जवळजवळ गेला होता. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1946 मध्ये केलेल्या अंदाजानुसार रणात 3,000 ते 5,000 घुडखर होते. मग 1958 ते 1960 च्या सुमारास 'सुर्रा' हा रोग आला. रक्त पिणाऱ्या माश्यांमधून तो जनावरांत पसरतो. त्यापाठोपाठ घोड्यांचा आफ्रिकन आजार आला. 1962 मध्ये निसर्गअभ्यासक ई. पी. गी यांनी पाहणी केली तेव्हा आकडा 870 वर आला होता. 1969 च्या गणनेत उरले होते 362. दोन-अडीच दशकांत हजारोंचे शेकडो झाले, तेही मुख्यतः रोगानं.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पाठोपाठ छोट्या रणाचं घुडखर अभयारण्य झालं. 4,954 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य देशातल्या सर्वांत मोठ्या अभयारण्यांपैकी एक आहे. त्यानंतर आकडे चढत गेले: 1976 मध्ये 720, 1990 मध्ये 2,072, 2004 मध्ये 3,863, 2014 मध्ये 4,451, 2020 मध्ये 6,082. 2024 च्या गणनेत 7,672 घुडखर मोजले गेले. त्यातले 2,705 सुरेंद्रनगर जिल्ह्यात, 1,993 कच्छमध्ये, 1,615 पाटणमध्ये. या यादीत शेवटी अहमदाबाद जिल्हा आहे, तिथं सात. म्हणजे घुडखर आता रण सोडून बाहेरही पडू लागले आहेत. वन्यजीव संरक्षणात यश म्हणावं अशा घटना आपल्याकडे मोजक्याच आहेत, आणि ही त्यांतली एक आहे. ती मराठी वाचकाला वाघ-सिंहांच्या गोष्टींइतकीच ठाऊक असायला हवी.

रणाच्या सपाटीवर खायला काही नाही. घुडखरही तिथं चरत नाहीत. सगळं जगणं बेटांच्या आणि काठाच्या आधारानं चालतं. बेट म्हणजे सपाटीपासून काही फूट ते काही मीटर उंच असलेली, पुराच्या पाण्यात न बुडणारी जमीन. खाऱ्या पाण्याची पातळी तिथं मुळांपासून जरा लांब राहते, म्हणून गवत उगवतं, पीलू आणि नेपतीची झुडपं तग धरतात. बेटाच्या कडेला, जिथं क्षार वाढत जातो, तिथं लाणो नावाचं मांसल पानांचं झुडूप असतं. त्याचं पान चावून पाहिलं तर ते आधीच मीठ घातलेलं वाटतं.

अशा एका बेटावर आमचा वाटाड्या आम्हाला संध्याकाळी पायी घेऊन गेला. त्यानं दाखवल्याशिवाय काहीच दिसलं नसतं. गवताच्या एका झुबक्याजवळ तो थांबला आणि नुसती हनुवटी उचलली. दहा पावलांवर जमिनीवर आखूड कानाचं घुबड बसलं होतं. पिवळे डोळे, डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखी काळी वर्तुळं, आणि अंगाचा रंग वाळल्या गवताचा. झाडावर न बसता जमिनीवर मुक्काम करणारं हे घुबड हिवाळ्यात उत्तरेकडून इथं येतं. सूर्य टेकला तसे भोवत्या पक्षी येऊ लागले. गवताच्या शेंड्यांना लागून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरून, आधी लांब चक्कर, मग छोटी, मग अचानक गवतात उतरून दिसेनासे. पांढुरका भोवत्या आणि मोंटागूचा भोवत्या दोघेही झाडांपेक्षा गवताच्या कुशीत रात्र काढतात. ज्या माळरानाला आपण पडीक म्हणतो, तेच मध्य आशियातून आलेल्या या शिकारी पक्ष्यांचं झोपायचं घर असतं. आपल्याकडे नान्नज-रेहेकुरीच्या माळांवर हिंडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बेटाच्या उतारावर पाच-सहा तोंडांचं बीळ होतं. त्यापैकी एका तोंडाशी वाळवंटी कोल्हा अंगाचं मुटकुळं करून बसला होता. शेपटीचं टोक पांढरं होतं, यावरून तो ओळखायचा. खोकडाच्या शेपटीचं टोक काळं असतं, आणि रणाच्या काठाला दोन्ही भेटतात. याशिवाय लांडगा, तरस, रानमांजर, चिंकारा, नीलगाय असं सगळं कुटुंब या प्रदेशात आहे. माळढोकाच्या कुळातला हुबारा थंडीत इथं येतो. तो इतका सावध असतो की माणसाची चाहूल लागताच झुडपामागे अंग चोरून जमिनीशी एकरूप होतो. पखुर्ड्यांचे थवे सकाळी ठरलेल्या वेळी पाण्यावर येतात, घाईघाईनं पिऊन परत जातात.

बेटांपैकी वच्छराज बेटाला देवस्थान आहे. गाईंचं रक्षण करताना प्राण दिलेल्या वच्छराज सोळंकी या वीराचं हे ठिकाण. तिथं गाईंचा मोठा गोठा आहे. ऐन उन्हाळ्यात मैलोन्‌मैल कुठंही थेंबभर पाणी नसताना माणसांनी गाईंसाठी भरलेल्या हौदांचा आधार रानातल्या जनावरांनाही होतो. श्रद्धेनं राखलेली अशी जागा रणात मोलाची आहे.

काठाला लागून असलेल्या तळ्यांचा आणि पाणथळींचा थाट निराळा. बजाण्याच्या पाणथळीत पावसाचं पाणी बराच काळ टिकतं. तिथं रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी उतरतात. मोठा रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जीभ पंपासारखी चालवून चिखल-पाणी गाळतो आणि त्यातले बारीक कवचधारी जीव व कीटकांच्या अळ्या वेचतो. छोट्या रोहिताची चोच अधिक बारीक गाळणीची. तो प्रामुख्यानं पाण्यातली सूक्ष्म शेवाळं खातो. दोघेही एकाच पाण्यात चरतात, पण त्यांची ताटं वेगळी. पिसांना गुलाबी रंग येतो तो याच खाण्यातून, म्हणून लहान पिल्लं करडी असतात.

मोठ्या रणात तर या पक्ष्यांची वसाहतच आहे. कच्छचे महाराव खेंगारजी तिसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची नोंद केली आणि 1945 मध्ये सालिम अलींनी तिथं जाऊन तिचा अभ्यास केला. 'फ्लेमिंगो सिटी' या नावानं ती जगभर ओळखली जाऊ लागली. ओल्या चिखलाचा फूटभर उंचीचा ओटा, त्याच्या माथ्यावर खोलगट जागा आणि तिच्यात एकच अंडं. पाऊस कमी झाला तर भोवतीचं पाणी आटतं आणि कोल्ह्या-कुत्र्यांना वाट मोकळी होते. जास्त झाला तर ओटेच बुडतात. त्यामुळे दरवर्षी वीण होतेच असं नाही. ठाणे खाडीत आणि नवी मुंबईच्या पाणथळींत दिसणाऱ्या रोहितांचं गुजरातशी नातं आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 2022 मध्ये ठाणे खाडीतल्या काही रोहितांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रं बसवली आणि त्यांची गुजरातपर्यंतची ये-जा नोंदवली गेली. शिवडीच्या धक्क्यावरून आपण जो गुलाबी पट्टा पाहतो, त्याची मुळं अशा खाऱ्या चिखलात आहेत.

करकोच्यांची वेळ सूर्यास्ताची. दिवसभर क्रौंच आणि कांड्या करकोचे काठाच्या कापणी झालेल्या शेतांत दाणे टिपतात आणि तिन्हीसांजेला रणातल्या उथळ पाण्यात मुक्कामाला येतात. आधी आवाज येतो. खणखणीत, दूरवर जाणारी, घशातली साद. मग आकाशात एकामागून एक तिरक्या रांगा उमटतात. पाण्यात उभं राहून झोपलं की कोल्हा-लांडगा जवळ येताना पाणी वाजतं, म्हणून ही जागा. अंधार पडेपर्यंत रांगा येतच राहतात, आणि त्यानंतरही साद थांबत नाही.

रणात माणसांची वस्ती शोधायची तर क्षितिजावर सौर पॅनेलं आणि पालांची उतरती छपरं शोधायची. तिथं अगरिया असतात. हे मीठ पिकवणारे लोक, बहुतेक चुंवाळिया कोळी, शिवाय मियाणा आणि सांधी समाजातले. पाऊस सरला की बायका-मुलं, भांडीकुंडी, पंप, लाकूडफाटा असा संसार ट्रॅक्टरवर लादून ते काठाच्या गावांतून रणात येतात आणि एप्रिल-मेपर्यंत तिथंच राहतात. खाराघोडा हे यांचं मोठं गाव; एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी इथला मीठधंदा आपल्या ताब्यात घेऊन इथवर रेल्वे आणली.

समुद्रकाठच्या मिठागरांत समुद्राचं पाणी घेतात. रणात मीठ जमिनीखालच्या पाण्यातून येतं, आणि ते पाणी समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट खारट असतं. अगरिया खारटपणा 'डिग्री'त मोजतात. काचेची नळी पाण्यात सोडली की ती किती वर तरंगते त्यावरून डिग्री कळते. समुद्राचं पाणी साधारण तीन डिग्रीचं. पाणी चोवीस-पंचवीस डिग्रीपर्यंत घट्ट झालं की मिठाचा पहिला कण धरतो. बोअरमधून पंपानं उपसलेलं पाणी एका आखीव खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरवत, उन्हावाऱ्यानं आटवत, त्या अंकापर्यंत न्यायचं असतं. शेवटच्या खाचराला 'पाटा' म्हणतात. पाट्याची जमीन आधी दिवसचे दिवस पायांनी तुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर पाणी खाली मुरतं. हे तुडवणं सगळं घर मिळून करतं.

मीठ धरू लागलं की खरं काम सुरू होतं. रोज पाट्यात उतरून दंताळं फिरवायचं. लाकडी, रुंद, लांब दांड्याचं, पाण्यानं फुगून जड झालेलं दंताळं. ते फिरवलं नाही तर मिठाचा सलग थर बसतो आणि दाणा मोठा होत नाही. इथल्या 'वडागरू' मिठाचा दाणा मोठा, टोकदार आणि स्वच्छ असतो. एका अगरिया बाईनं ओंजळीत घेऊन दाखवला तेव्हा काचेच्या खड्यांसारखे त्याचे चौकोनी पैलू स्पष्ट दिसत होते. तिच्या पोटऱ्यांवर मात्र मिठानं चरे पडले होते. पायांची कातडी राठ आणि ताठ झालेली. दुपारी पाट्यावरून परतणारा उजेड डोळ्यांत घुसतो. वर्षानुवर्षं त्यात काम केलेल्या माणसांची नजर अधू होते.

पूर्वी पंप चालवायला डिझेल लागायचं आणि मिठातून हाती येणाऱ्या पैशांचा मोठा हिस्सा त्यातच जळायचा. गेल्या काही वर्षांत अनुदानावर सौर पंप आले आणि तो खर्च बराच घटला. मुलांसाठी जुन्या एसटी बसगाड्यांमध्ये वर्ग भरवले जातात. प्यायचं पाणी टँकरनं येतं आणि ते टाकीत जपून वापरावं लागतं. देशातल्या मिठापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या गुजरातमध्ये तयार होतं. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत पोचणाऱ्या मिठाचाही मोठा वाटा तिथलाच. मीठ ज्यांच्या हातून येतं त्यांना स्वतःच्या पाट्यावर मालकी हक्क नाही आणि दर ठरवणं व्यापाऱ्यांच्या हाती आहे, ही गोष्ट जेवताना आठवली पाहिजे.

मेअखेर पालं गुंडाळली जातात. पहिल्या पावसानंतर खाडीचं पाणी आत येतं आणि त्याबरोबर कोळंबीची पिल्लं. सुरजबारीच्या बाजूला मच्छीमार कुटुंबं येऊन झोपड्या बांधतात, ओहोटीच्या वाटेवर जाळी रोवतात. नद्यांचं गोडं आणि खाडीचं खारं पाणी मिसळून जो मचूळ साठा होतो, त्यात ही कोळंबी पोसली जाते. तिच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच कच्छ आहे: 'मेटापिनिअस कच्छेन्सिस'. मीठ पिकलं तिथं दोन-तीन महिन्यांत कोळंबी, आणि कोळंबी सरली तिथं पुन्हा मीठ. त्याच वेळी बेटांवर घुडखरांची शिंगरं उभी राहायला शिकत असतात.

हा क्रम पाणी केव्हा येतं आणि केव्हा जातं यावर उभा आहे, आणि तोच आता डळमळतो आहे. नर्मदेचा कालवा रणाच्या काठापर्यंत पोचला. त्यानं कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला पाणी दिलं, जिरं-कापसाची शेतं वाढली, आणि हे चांगलंच झालं. पण कालव्याचं जादा पाणी अवेळी रणात सुटतं तेव्हा ऐन हंगामात अगरियाचे पाटे बुडतात आणि त्याची सहा महिन्यांची मेहनत विरघळून जाते. काठाची गायरानं शेतीखाली गेली, तसे घुडखर रात्री पिकांत शिरू लागले. शेतकऱ्याला थंडीत रात्रभर माच्यावर जागावं लागतं, त्याचं नुकसान खरं आहे आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे. त्याला वेळेवर भरपाई मिळाली नाही तर आजवर त्यानं दाखवलेली सहनशीलता टिकणार नाही.

दुसरा प्रश्न वेड्या बाभळीचा. रण पुढे सरकू नये म्हणून काठाला लावलेलं हे परदेशी झाड बेटांवर चढलं. घुडखर त्याच्या गोड शेंगा खातात आणि लिदीतून बिया पसरवतात. जिथं ती माजते तिथं गवत मरतं, आणि गवताबरोबर भोवत्या, घुबड, हुबारा यांची जागा जाते. बेटांवरची बाभूळ काढून गवत परत आणणं हे वन विभागाचं सर्वांत निकडीचं काम आहे. आणि सुर्राची साथ विसरून चालणार नाही. सात हजारांचा आकडा मोठा वाटतो, पण यांतले जवळजवळ सगळे घुडखर एकाच भूभागात आहेत. पाळीव जनावरांच्या रोगनियंत्रणात हयगय झाली तर जे 1960 च्या आसपास झालं ते पुन्हा होऊ शकतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मुंबईहून सौराष्ट्राकडे जाणाऱ्या गाड्या विरमगामला थांबतात. तिथून दसाडा, झैनाबाद, बजाणा ही गावं गाडीनं तासाभराच्या आसपास. अभयारण्य 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असतं. नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ. सकाळी कडाक्याची थंडी असते आणि दुपारी ऊन भाजतं, दोन्हींची तयारी हवी. परवाना वन विभागाकडून घ्यावा लागतो आणि स्थानिक वाटाड्याशिवाय आत जाऊ नये. अगरियांच्या पालावर गेलात तर विचारून जा, पाट्याच्या बांधावर गाडी घालू नका, आणि त्यांच्या टाकीतलं पाणी मागू नका. आपलं बरोबर न्या. बेटांवरच्या गवतात चाकं नेऊ नका, तिथं जमिनीवर पक्षी बसलेले असतात. काही जीपवाले पर्यटकांना खूश करण्यासाठी कळपामागे गाडी पळवतात. आपण मागितलं नाही तर ते तसं करणार नाहीत. घुडखर दिसला की गाडी लांबच थांबवायला सांगा, इंजिन बंद करायला सांगा आणि अर्धा तास शांत बसा.